वाचकांचे प्रश्न : लहान क्रूझरवरून मोठ्या टूरिंग बाइककडे

प्रश्न : माझे वय ४७ असून उंची पाच फूट पाच इंच आहे. गेली काही वर्षे मी रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५० चालवतो. मुलुंडहून अंधेरीला रोजचे जाणे-येणे तिच्यावरच होते. मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यापासून पत्नीसह लांबचे प्रवास करावेत, असे मनात आहे. ओळखीतल्या एका गृहस्थांना त्यांची वापरलेली होंडा गोल्डविंग टूर विकायची आहे आणि किंमतही आमच्या आवाक्यात बसते आहे. जुनी गाडी विकून ही एकच ठेवावी, असा विचार आहे. मित्रांचे म्हणणे असे की, एवढी ताकद मला पेलणार नाही. त्यांचे खरे मानावे का? तसेच या गाडीसाठी वेगळा परवाना लागतो का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : परवान्याची चिंता नको. गिअरच्या मोटारसायकलीचा जो परवाना आपल्याकडे आहे, तोच पुरतो. आपल्या देशात इंजिनाच्या क्षमतेनुसार त्याचे वेगळे वर्ग केलेले नाहीत. हे सोयीचे असले तरी त्याचा अर्थ असाही होतो की, ३४९ सीसीवरून १८३३ सीसीवर जाताना आपली तयारी तपासणारे कोणी नाही. ती आपली आपणच तपासायची आहे.

मित्रांनी शंका काढली ती रास्त आहे, पण त्यांचे बोट चुकीच्या जागी आहे. मीटिऑरची ताकद सुमारे २० अश्वशक्ती आणि टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) २७ न्यूटन-मीटर, तर गोल्डविंगचा टॉर्क १७० न्यूटन-मीटर आहे, हे आकडे ऐकून दडपण येणे साहजिक आहे. मात्र ही ताकद उजव्या मुठीच्या ताब्यात असते. आपण मूठ जेवढी पिळाल तेवढीच ती बाहेर पडते, आणि सहा सिलिंडरचे ते इंजिन स्वभावाने इतके सौम्य आहे की शांत चालवणाऱ्याला ते घाबरवत नाही. वजनाचे तसे नसते. मीटिऑर १९१ किलोंची आहे आणि गोल्डविंग टूर सुमारे ३९० किलोंची. म्हणजे दुपटीहून अधिक. हे वजन आपण मुठीने कमी-जास्त करू शकत नाही. गाडी वेगात असताना ते जाणवतही नाही, उलट महामार्गावरच्या आडव्या वाऱ्यात त्याचा आधारच वाटतो. ते जाणवते गाडी थांबताना, वळवताना, मागे घेताना आणि लावताना. आणि मुंबईत आपला बहुतेक वेळ याच कामांत जातो.

उंचीचा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी तो मनात असणार. गोल्डविंगच्या आसनाची उंची ७४५ मिलिमीटर आहे, तर मीटिऑरची ७६५. म्हणजे कागदावर मोठी गाडीच बुटकी आहे. परंतु तिचे आसन रुंद असल्याने मांड्या फाकतात आणि पाय जमिनीपर्यंत पोहोचताना ती २० मिलिमीटरची सवलत उरत नाही. तेव्हा कागदावरच्या आकड्यावर विसंबू नका. पावसाळी बूट घालून, पत्नीला मागे बसवून, दोन्ही तळवे जमिनीवर नीट टेकतात का ते प्रत्यक्ष पाहा. केवळ चवडे टेकत असतील तर सपाट जागी निभावून जाईल, पण रस्त्याच्या कडेच्या उतारावर नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी. गाडी सरळ उभी असताना तिचे वजन चाकांवर असते, आपल्यावर नसते. ती जरा कलली की तोल सावरण्यासाठी जोर लावावा लागतो, आणि कलण्याचा कोन तिप्पट झाला की लागणारा जोरही जवळजवळ तिप्पट होतो. हलकी गाडी बरीच कलल्यावरही आपण पायाने रेटून सरळ करतो आणि ती सवय अंगात मुरलेली असते. जड गाडीच्या बाबतीत एका मर्यादेपलीकडे कितीही बळकट माणसाचा जोर चालत नाही. अशा वेळी गाडी हट्टाने धरून ठेवण्यापेक्षा पाय बाजूला काढून तिला आडवी होऊ देणे शहाणपणाचे असते. खरचटलेली सॅडलबॅग (बाजूची सामानाची पेटी) बदलता येते, गुडघा तितक्या सहजी बदलता येत नाही. आडवी झालेली गाडी वाकून, हातांनी उचलायची नसते. ती उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साइड स्टँड खाली उघडून ठेवावा, पाठ गाडीकडे करून एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने मागचा दांडा पकडावा, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या बळावर छोटी पावले टाकत मागे रेटत जावे. हे एकदा जाणकाराच्या देखरेखीखाली करून पाहिल्याशिवाय व्यवहार पक्का करू नका.

मीटिऑरवर आपण गर्दीत हाफ क्लचवर गाडी सरकवत असाल. दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गोल्डविंगला क्लचचा लिव्हरच नसतो, त्यामुळे डाव्या हाताची ही सारी कमाई तिथे उपयोगी पडत नाही. तिथे मूठ किंचित उघडी व स्थिर ठेवून मागच्या ब्रेकवर पायाचा हलका दाब ठेवायचा आणि वेग पायाने आवरायचा, ही नवी रीत शिकावी लागते. हँडल वळलेले असताना आणि वेग पायी चालण्याइतका असताना पुढचा ब्रेक मात्र मुळीच दाबू नये. मोठ्या गाड्या सर्वाधिक पडतात त्या याच क्षणी, सोसायटीच्या फाटकात किंवा पेट्रोल पंपावर. नजर चाकापुढच्या पेव्हर ब्लॉकवर न ठेवता जिकडे जायचे तिकडे ठेवावी. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर मीटिऑरचे १४०० मिलिमीटर, गोल्डविंगचे १६९५. त्यामुळे जिथे आपण एका दमात यू-टर्न घेत होता, तिथे आता वळणाची आखणी आधीच करावी लागेल. या गाडीला चालण्याच्या गतीने पुढे-मागे नेणारी सोय आहे आणि ती अरुंद पार्किंगमध्ये खरोखर उपयोगाची आहे. पण ती गाडी ढकलण्याचे श्रम वाचवते, तोल सांभाळत नाही.

आता आपल्या बेताविषयी स्पष्ट मत. जुनी गाडी विकून ही एकच ठेवण्याचा विचार मला पटत नाही. मेट्रोच्या कामाने आवळलेल्या जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर) रोज सकाळ-संध्याकाळ ही गाडी नेणे म्हणजे तिचे आणि स्वतःचेही हाल आहेत. इंजिनाची धग पायांना लागेल, आणि सॅडलबॅगांच्या रुंदीमुळे रिक्षा व बस यांमधल्या फटी आपल्यासाठी बंद होतील. शिवाय ज्या रस्त्यांवर अशी गाडी शोभावी, ते मुंबईत दुचाकींना बंदच आहेत. वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी रस्ता, अटल सेतू, यांपैकी कोठेही मोटारसायकलीला प्रवेश नाही. पुण्याला जातानाही द्रुतगती मार्ग सोडून जुन्या महामार्गानेच जावे लागते. आपले घर मुलुंडला असल्याने नाशिकची वाट आपल्याला जवळची आहे, पण माजिवडा, कापूरबावडी आणि भिवंडी वळणरस्त्याची कोंडी ओलांडल्याशिवाय मोकळा रस्ता लागत नाही.

मीटिऑर ठेवून गोल्डविंग घेता येत असेल आणि सोसायटीत तिला सपाट, रुंद, स्वतंत्र जागा मिळत असेल, तर खुशाल घ्या; सुट्टीच्या दिवशी ओस पडलेल्या रस्त्यावर आधी एकट्याने सराव करा आणि पत्नीला नंतर बसवा. एकच गाडी ठेवायची असेल तर मधली पायरी घ्यावी. सुपर मीटिऑर ६५० ही २४१ किलोंची, ७४० मिलिमीटर आसनाची आणि आपल्या ओळखीच्या बैठकीची गाडी आहे; दोघांना व सामानाला ती कसारा घाट कुरकुर न करता चढवून नेईल. नवी घेतल्यास ३५० सीसीवरील गाड्यांना २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, ३५० सीसीपर्यंतच्यांना १८ टक्के, हे हिशेबात धरावे.

वापरलेली गोल्डविंगच घेणार असाल तर तिची नोंदणी कोणत्या राज्यातली आहे ते आधी पाहा. परराज्यातली असेल तर तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा रस्ता कर, हे दोन्ही आले; स्वस्त वाटणारी किंमत पुष्कळदा इथेच वर जाते. आयात गाडी असल्याने सीमाशुल्काची मूळ कागदपत्रेही मागून घ्या. विमा आपल्या नावावर करताना पूर्वीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही.

प्रश्न : नुकतीच मोठी टूरिंग बाइक घेतली. एकट्याने चालवताना ती उत्तम चालते, परंतु पत्नी मागे बसली आणि टॉप बॉक्स भरला की वळणात जड वाटते व हँडल हलके होऊन थरथरते. गाडीत दोष आहे का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : बहुधा दोष मांडणीचा आहे. टॉप बॉक्स मागच्या आसाच्याही मागे आणि उंचावर असतो; त्यात जड सामान भरले की मागचा भाग दबतो व पुढच्या चाकावरचा भार कमी होतो. जड वस्तू बाजूच्या बॅगांत, तळाशी आणि दोन्हीकडे सारख्या वजनाने ठेवा. टॉप बॉक्समध्ये रेनकोट आणि खाऊ एवढेच असू द्या. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा ताण) दोन माणसांच्या खुणेवर न्या आणि टायरमधली हवा गाडीच्या पुस्तिकेत पूर्ण भारासाठी दिलेल्या आकड्याइतकी, टायर थंड असताना भरा. पंपावरचा मुलगा सवयीने सगळ्याच गाड्यांना एकसारखी हवा भरतो, म्हणून आकडा आपणच सांगावा. एवढे करूनही थरथर राहिली तर टायरची झीज आणि स्टिअरिंगचे बेअरिंग तपासून घ्या, आणि तोवर टॉप बॉक्स रिकामा ठेवूनच घाटात जा.