बदललेल्या सांध्यात जंतू: वाचकांचे प्रश्न

आईचा गुडघा बदलून दीड वर्ष झालं. महिनाभरापासून तो गरम लागतो, सुजतो, ताप नाही. अँटिबायोटिकनं पाच दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. गुडघ्यातल्या पाण्याच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) काही उगवलं नाही. म्हणजे इन्फेक्शन नाही ना? (महाल)

तसं धरून चालू नका. कृत्रिम सांध्यावर जंतू स्वतःभोवती चिकट थर करून बसतात. गोळ्यांनी ते दबतात, संपत नाहीत. कल्चर मात्र कोरं येतं. माझा राग याच गोष्टीवर आहे: पाणी काढण्याआधीच गोळ्या सुरू होतात. प्रकृती स्थिर असेल तर सर्जनच्या सल्ल्यानं गोळ्या साधारण दोन आठवडे थांबवून पुन्हा पाणी काढावं, त्यातल्या पांढऱ्या पेशीही मोजाव्यात.

कल्चर किती दिवस ठेवलं, हेही विचारा. नेहमीचे स्टॅफिलोकोकस लवकर उगवतात, पण क्युटिबॅक्टेरियमसारख्या मंद जंतूंसाठी १४ दिवस लागू शकतात. क्षयरोगाच्या जंतूला सहा-आठ आठवडे, आणि त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते. थंडी वाजून ताप आला किंवा जखमेतून पू आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

माझा खुबा बदललाय, घरी शेळ्या आहेत. कच्च्या दुधानं काही होतं का? (काटोल)

क्वचित, पण होतं. ब्रुसेला हा जंतू कच्च्या दुधातून, तसंच व्यायलेल्या शेळीची वार उघड्या हातांनी उचलताना अंगात शिरतो आणि रक्तातून सांध्यापर्यंत पोहोचू शकतो. चढउतार करणारा ताप, रात्री घाम, कंबरदुखी. शेळ्यांचा विषय डॉक्टरांनी विचारला नाही, तरी तुम्ही काढा. लॅबलाही कळवायला हवं, कारण नमुना हाताळणाऱ्यालाही तो लागू शकतो. दूध उकळूनच प्या, हातमोजे घाला.

गुडघ्याच्या इन्फेक्शनसाठी रिफाम्पिसिन दिलंय, लघवी संत्र्याच्या रंगाची होते. मला टीबी झालाय का? (सक्करदरा)

ही गोळी टीबीतही देतात, पण तिच्यावरून टीबी ठरत नाही. स्टॅफिलोकोकसचा चिकट थर भेदायला हे औषध दुसऱ्या अँटिबायोटिकच्या जोडीनं देतात, एकटं नाही. रंग त्याचाच, नागपूरकरांनी त्याला घाबरू नये! डोळे पिवळे झाले तर मात्र लगेच दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम यानं कमी होतो, तेव्हा चालू गोळ्यांची सगळी पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवा.

दात काढण्याआधी अँटिबायोटिक हवं का? (धरमपेठ)

बहुतेकांना नको. प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा त्या सांध्यात आधी इन्फेक्शन झालं असेल, तर सर्जनला विचारा.