कोल्हापुरात शिवाजी पुलाचा सूर्यास्ताचा फोटो कुठून आणि कधी काढावा?

पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवरून काढा. पुलावर उभं राहून त्याच्या दगडी कमानी दिसत नाहीत, आणि खरं देखणेपण त्या कमानींतच आहे.

महिना नीट निवडा. कोल्हापुरात सूर्य जूनमध्ये ठीक पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो, डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. त्यामुळे घाटावरची योग्य पायरी दर हंगामात बदलते. आदल्या दिवशी जाऊन पाहून या. भर पावसाळ्यात नदी फुगली की घाटच पाण्याखाली जातो, तेव्हा खाली उतरूच नका. माझ्या मते हिवाळा उत्तम, पाणी संथ असतं आणि कमानींचं प्रतिबिंब अखंड मिळतं.

ट्रायपॉड लावा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ते एफ/११. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते, आकाशावरून ठरवा, पूल काळा पडला तरी चालेल, कमानींचा आकारच बोलतो. दगडाचा पोत हवा असेल तर सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा. बहुतेक जण नेमके तेव्हाच निघून जातात, याची खरंच हळहळ वाटते. आपल्याकडे संधिप्रकाश फार टिकत नाही, म्हणून फ्रेम आधीच ठरवून ठेवा.