शेतकऱ्यांचे प्रश्न : ज्वारीतील हरळी आणि लव्हाळा

प्रश्न : मंगळवेढा तालुक्यातील काळ्या रानात आम्ही दोन वर्षांपासून रब्बी ज्वारी सेंद्रिय पद्धतीने घेतो. तणनाशक बंद केल्यापासून हरळी व लव्हाळा वाढला आहे. काय करावे?

उत्तर : आपण तणनाशकाकडे परत वळला नाहीत, याचे मनापासून समाधान वाटते. या दोन्ही तणांचा जीव जमिनीखाली असतो. लव्हाळ्याचे रोप हलक्या हाताने उकरून पाहा. काळ्या गाठींची माळच हाती लागेल आणि वरचे पाते तोडले तरी त्यांतून नवे कोंब येतात. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये खोल नांगरट करून ढेकळे उन्हात तापू द्यावीत आणि उघड्या पडलेल्या हरळीच्या काशा (जमिनीतील खोडे) व लव्हाळ्याच्या गाठी वेचून बांधाबाहेर न्याव्यात. रोटाव्हेटर मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्याने हरळीचे तुकडे होऊन ती रानभर पसरते. पावसाळ्यात वखराच्या पाळ्या द्याव्यात.

ज्वारीत पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीचे कोळपे (पिकाच्या ओळींमधील तण काढण्याचे अवजार), पाचव्या आठवड्यात पासेचे (अखंड पात्याचे) आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळपे चालवावे. शेवटच्या कोळपणीने भेगा बुजतात व ओल टिकते. सोलापूरच्या कोरडवाहू शेतीत हा लाभ तणनियंत्रणाइतकाच मोलाचा आहे. खतातून तणाचे बी रानात येऊ नये म्हणून शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे.