आईला कॅन्सरच्या उपचारांसाठी बीडहून पुण्याला आणतोय, निघण्याआधी काय तयारी करू?

गाडी ठरवण्याआधी दोन दिवस बीडमध्येच द्या. पुण्यात आल्यावर पेशंटचं काम अडतं ते बहुतेकदा गावी राहून गेलेल्या एखाद्या कागदापायी.

आईच्या स्तनातल्या गाठीची बायोप्सी तिकडेच झाली आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग नुसता रिपोर्ट आणू नका. त्या लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार चौकटीवर बसवलेली मेणाची वडी. गाठीचा तुकडा त्यात असतो. ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्यांसाठी त्यातूनच नवे पातळ काप काढतात, आणि औषध कोणतं द्यायचं ते त्यावर ठरतं. ब्लॉक नसला की एकतर कुणीतरी बीडला परत जायचं, नाहीतर आईला पुन्हा सुई टोचायची. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतो का, तिथेच उभं राहून बघा. उन्हात गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं.

सीटी किंवा एमआरआय झाला असेल तर फिल्मबरोबर सीडीही घ्या.

आता पैशांचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलला प्रत्येक आजाराची मान्यता नसते. 155388 वर फोन करून ऑपरेशन, किमो आणि रेडिएशन तिन्ही एकाच ठिकाणी होतील का, हे विचारा. योजना कॅशलेस आहे. आधी भरलेलं बिल नंतर परत मिळत नाही. म्हणून डिपॉझिट भरण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या मदतनिसाला, गाठा. रेशन कार्डावर आणि आधारवर आईचं नाव वेगवेगळं असेल तर फाइल तिथेच अडकते.

योजनेत बसलं नाही, तर धर्मादाय म्हणजे ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. त्यासाठीचा तहसीलदारांचा दाखला बीडहूनच काढून आणा, पुण्यात तो मिळणार नाही. सरकारी ससून स्टेशनजवळच आहे. तिथे समाजसेवा अधीक्षकांना, म्हणजे गरजू पेशंटना मदतीची वाट दाखवणाऱ्या अधिकाऱ्यांना, जरूर भेटा.

किमो सहसा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने असते. डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घेतलंत, तर ती घराजवळ घेता येते का ते विचारता येईल. रेडिएशन मात्र आठवड्यातून पाच दिवस, तीन ते पाच आठवडे चालतं. खोली तेवढ्या काळासाठी बघा, आणि आईला चालत जाता येईल इतकी जवळ.