सरकारी की प्रायव्हेट हे नंतर, सीट कॅपमधली आहे की कॅपबाहेरची ते आधी बघा

ताई, तुमची पोस्ट नीट वाचली. मुलाला इंजिनिअरिंगच्या सीईटीला ९१ पर्सेंटाईल, घरचं उत्पन्न साडेपाच लाख, राहायला बार्शी. समोर तीन पर्याय: सरकारी कॉलेजात सिव्हिल, पुण्यात प्रायव्हेट कॉलेजात एआय-डेटा सायन्स, नाहीतर पुण्यातलीच एक प्रायव्हेट युनिव्हर्सिटी जी ५० टक्के स्कॉलरशिप देतो म्हणतेय पण रविवारपर्यंत २५ हजार भरून सीट बुक करा असं रोज फोन करून सांगतेय. आणि धाकटी मुलगी दहावीला. मी बरीच वर्षं कॉलेजच्या अ‍ॅडमिशन सेक्शनला आहे, सीझनला कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फॅसिलिटेशन सेंटरला फॉर्म-कागदपत्रं तपासायच्या टेबलावर बसतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

तुम्ही दुसरा आणि तिसरा पर्याय "प्रायव्हेट" म्हणून एकाच खान्यात टाकलाय आणि सगळा घोळ तिथेच आहे. प्रायव्हेट कॉलेज आणि प्रायव्हेट युनिव्हर्सिटी यांचा पैशाच्या बाबतीत काही संबंध नाही. प्रायव्हेट विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं, म्हणजे आपण ज्याला एफआरए म्हणतो ते, त्यांच्या वेबसाईटवर कॉलेजनिहाय मंजूर फी दिसते, काउंटरवर सांगितलेला आकडा तिथे ताडून बघता येतो. २०१५ च्या कायद्याप्रमाणे एका वेळी एका वर्षापेक्षा जास्त फी घेता येत नाही. आणि कॅपमधून सीट मिळाली असेल तर आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओपनच्या मुलाला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून (सगळे अजून ईबीसीच म्हणतात) अर्धी ट्यूशन फी मिळते. प्रायव्हेट किंवा डीम्ड युनिव्हर्सिटीत हे काहीच नाही. तिथली फी एफआरए ठरवत नाही, महाडीबीटीची (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) ही शिष्यवृत्ती लागू नाही, जी काही "स्कॉलरशिप" आहे ती त्यांनी स्वतःच लावलेल्या फीवर स्वतःच दिलेली सूट आहे. आणि हो, कॉलेज चांगलं असलं तरी मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे इन्स्टिट्यूट लेव्हलला सीट घेतली तरी शिष्यवृत्ती गेली. हे लोकांना ऑक्टोबरमध्ये फॉर्म भरताना कळतं.

आता आकडे मांडू. हे मी अंदाजाने धरतोय, तुम्ही तुमच्या कॉलेजचे खरे आकडे टाका. पुण्यातल्या कॉलेजची फी समजा १ लाख ३० हजार, त्यात ट्यूशन १ लाख १५ हजार आणि डेव्हलपमेंट फी १५ हजार. यातल्या ट्यूशनवरच शिष्यवृत्ती, डेव्हलपमेंट फी पूर्ण आपलीच. म्हणजे ५७,५०० अधिक १५,०००, तुमच्या खिशातून ७२,५००. त्यावर पुण्यात कॉट बेसिसवर राहणं, मेस, बस, झेरॉक्स, रिचार्ज सगळं धरून वर्षाचे सव्वा लाखाला थोडे कमी, १ लाख १५ हजार धरा. बेरीज १ लाख ८७ हजार ५००, चार वर्षांचे साडेसात लाख. बघा, राहण्याखाण्याचा खर्च फीपेक्षा जास्त झाला, आणि घरी चर्चा मात्र फीचीच चालते.

युनिव्हर्सिटीचं बघू. ब्रोशरमधली फी ४ लाख धरली तर ५० टक्के सूट जाऊन २ लाख, राहणं धरून ३ लाख १५ हजार, चार वर्षांचे १२ लाख ६०. हा झाला चांगला शेवट. पण त्या ऑफर लेटरमधलं बारीक अक्षर वाचलंत का? बहुतेक ठिकाणी सूट पुढच्या वर्षी चालू राहायला ठराविक सीजीपीए (म्हणजे गुणांची सरासरी) लागतो. पहिल्या वर्षी मॅथ्सने झोपवलं, सीजीपीए घसरला आणि सूट गेली तर उरलेली तीन वर्षं ५ लाख १५ हजारांची, एकूण १८ लाख ६० हजार. माझ्या टेबलावर एक वडील असंच लेटर घेऊन आले होते, वर मोठ्या अक्षरात अभिनंदन, आणि अट कुठे तर मागच्या पानावर तळाला एका ओळीत, त्यांनी पान उलटलंच नव्हतं.

कर्ज काढू म्हणाल तर काढा, त्यात वाईट काही नाही, पण आधी हप्ता काढून बघा. १५ लाख, १० टक्के, १० वर्षं असं धरलं तर महिना १९,८०० च्या आसपास बसतो आणि यात शिक्षण चालू असतानाचं चढलेलं व्याज धरलेलंच नाही. ज्या कंपन्या कॅम्पसवरून घाऊक भरती करतात त्यांचं सुरुवातीचं पॅकेज अजूनही साडेतीन लाखांच्या आसपासच आहे, हातात पंचवीस-सव्वीस हजार. मग पोरगं पुण्यात काय खाणार? केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना ३ टक्के व्याज सवलत, पण ती ठरलेल्या यादीतल्या संस्थांनाच, तेव्हा कॉलेज यादीत आहे का ते बँकेत जायच्या आधी बघून घ्या.

सरकारीचं म्हणाल तर पैशात त्याला तोडच नाही. कराड, अवसरी, अमरावती, जळगाव, चंद्रपूर ही सरकारी, सांगलीचं वालचंद आणि नांदेडचं एसजीजीएस अनुदानित. फी कमी, त्यातही ट्यूशन अर्धी, हॉस्टेल मिळालं तर राहणंही स्वस्त, चार वर्षं तीन-साडेतीन लाखांत निभतात. अनुदानित कॉलेजात एक बघायचं, काही ब्रांच विनाअनुदानित तत्त्वावर असतात आणि तिथे फी वेगळी लागते, कॉलेजचं नाव बघून गृहीत धरू नका. पण ब्रांचचा प्रश्न उरतोच. मुलाला सिव्हिल नकोच असेल आणि तुम्ही फक्त स्वस्त म्हणून ढकललंत तर दुसऱ्या वर्षापासून तो अर्धा वेळ यूट्यूबवर कोडिंग शिकणार आणि सर्व्हेचे विषय बॅकला राहणार, असे दरवर्षी दिसतात. उलट सिव्हिल चालत असेल, पुढे स्पर्धा परीक्षा किंवा सरकारी इंजिनिअरची भरती डोक्यात असेल, तर मी एक मिनिट विचार न करता सरकारी घेईन. तेव्हा आधी त्याला विचारा, तुम्ही पोस्टमध्ये सगळं लिहिलंत, त्याला काय हवंय ते कुठेच नाही.

तुमच्या यादीत सोलापूर का नाही हे मला कळलं नाही. बार्शीहून सोलापूर ७० किलोमीटरच्या आसपास, पोरगं शनिवारी घरी येऊ शकतं, राहण्याचा खर्च पुण्यापेक्षा बराच कमी. सोलापूरचं डब्ल्यूआयटी (वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) आहे, पंढरपूरला गोपाळपूरचं स्वेरी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. ज्या कॉलेजांना होम युनिव्हर्सिटीचा कोटा लागू आहे तिथे ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना असतात. फक्त होम युनिव्हर्सिटी तुमच्या घराच्या पत्त्यावर ठरत नाही, बारावी कुठून पास झाला त्यावर ठरते. बार्शीची बरीच मुलं बारावीला लातूरला जातात, तसं असेल तर तुमची होम युनिव्हर्सिटी नांदेडची. मागच्या वर्षीच्या कट-ऑफची पीडीएफ उघडली की जी-ओपन-एच, जी-ओपन-ओ, जी-ओपन-एस असे कोड दिसतील, शेवटचं अक्षर एच म्हणजे होम, ओ म्हणजे अदर, एस म्हणजे स्टेट लेव्हल. तुमची ओळ कोणती ते कळल्याशिवाय कट-ऑफ बघण्यात अर्थ नाही, लोक भलत्याच ओळीचा आकडा बघून खूश होतात.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफीची योजना, ती पण भरा. पाच टक्के जादा जागा असतात, आठ लाखांच्या आत उत्पन्न हवं, पूर्ण ट्यूशन माफ. ऑप्शन फॉर्ममध्ये त्याचा कोड वेगळा असतो, शेवटी टी असलेला, आणि कट-ऑफ बहुतेक वेळा ओपनच्या वर जातो त्यामुळे ९१ ला पुण्यात आशा कमी, सोलापूर-पंढरपूरला वर टाकून बघायला हरकत नाही. ती सीट घेतली की मग ब्रांच बदलून मिळत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

प्राधान्यक्रम लावताना काळजी घ्या. २०२५ च्या प्रवेशापासून चार फेऱ्या आहेत आणि पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं तर सीट आपोआप फ्रीज, म्हणजे तीच पक्की, पुढच्या फेरीत बदल नाही, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी लागलं तर फ्रीज, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. सीईटी सेलचं यंदाचं ब्रोशर उघडून नियम एकदा बघून घ्या, आणि "बघू तरी लागतं का" म्हणून नको असलेलं कॉलेज वरच्या नंबरला टाकू नका.

कॉलेज चांगलं की वाईट हे बॅनरवरच्या "हायेस्ट पॅकेज ४४ लाख" वरून ठरवू नका, ते एका पोराचं असतं. कॉलेजच्या वेबसाईटवर एनआयआरएफला (केंद्र सरकारचं कॉलेज रँकिंग) दिलेल्या माहितीची पीडीएफ शोधा. त्यात प्लेसमेंटचा तक्ता असतो: किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण ठरलेल्या वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मीडियन पगार किती. ३०० मुलं घेतली, वेळेत १८० पास, त्यातली ९० प्लेस, असं काही दिसलं तर तुम्हाला कुणाला काही विचारायची गरज नाही. ही पीडीएफच सापडत नसेल तर तेही उत्तरच समजा.

रविवारचे २५ हजार अजिबात भरू नका. कॅपचा निकाल लागायच्या आधी पालकाला बांधून घ्यायची ती युक्ती आहे. ठरलेल्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर फी परत आणि मूळ कागदपत्रं अडवायची नाहीत असा यूजीसीचा नियम आहे, पण परताव्यासाठी बार्शी-पुणे खेपा कोण घालणार. आणि काही झालं तरी मुलाचा मूळ एलसी कुणाच्या हातात देऊ नका, व्हेरिफिकेशनला दाखवा आणि परत घ्या.

धाकटीचा हिशोब आत्ताच धरा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (ओपनमधले आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल तर, व्यावसायिक कोर्सला ट्यूशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. प्रायव्हेट कॉलेजातसुद्धा, पण इथेही प्रायव्हेट युनिव्हर्सिटी आणि मॅनेजमेंट कोटा बाहेर. ती दहावीनंतर सोलापूरच्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकला गेली तर अजून स्वस्तात डिप्लोमा होऊन थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाते. पण तिचं राहणं-खाणं, लॅपटॉप, डेव्हलपमेंट फी हे तुम्हालाच लागणार, म्हणून थोरल्यासाठी सगळी एफडी मोडू नका. ईबीसी एका घरातल्या दोन मुलांपर्यंत मिळते, ते तुम्हाला अडणार नाही.

शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात, कधी कधी वर्ष संपत आलेलं असतं, आणि काही कॉलेजं तोवर पूर्ण फी भरा म्हणून मागे लागतात. पहिल्या वर्षाची ती अर्धी रक्कम हाताशी ठेवा आणि मुलाचं बँक खातं आधारला सीड झालंय का, म्हणजे आधारवरून येणारे सरकारी पैसे त्याच खात्यात जमा होतील का, याची बँकेत जाऊन खात्री करा, नुसतं लिंक आहे म्हणून भागत नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, ईडब्ल्यूएस बसत असेल तर त्याचं सर्टिफिकेट, हे याच आठवड्यात सेतूत टाका, निकालानंतर तिथे गर्दीला अंत नसतो.

मला विचाराल तर क्रम असा: त्याला कॉम्प्युटरकडेच जायचं असेल तर सोलापूर-पंढरपूरच्या कॉम्प्युटर किंवा आयटी ब्रांच आणि पुण्यातली एनआयआरएफचा तक्ता बरा दिसणारी दोन-तीन कॉलेजं वर, त्याखाली सरकारीतलं सिव्हिल, युनिव्हर्सिटी यादीतच नको. सिव्हिल चालत असेल तर सरकारी सरळ पहिल्या नंबरला. बारावी कुठून झाली, कॅटेगरी काय आणि ईडब्ल्यूएस आहे का ते इथेच लिहा, मी मागच्या वर्षीचे कट-ऑफ लावून नावांची यादी टाकतो.