कुत्र्याच्या गाठीवर विजेच्या पल्सचा उपचार खरंच उपयोगी पडतो का?

तुम्ही लिहिलंय की दहा वर्षांच्या लॅब्राडोरच्या पंज्याच्या वर मास्ट सेल ट्यूमर (कातडीत होणारी कॅन्सरची गाठ) आहे, तिथे कातडी कमी असल्यामुळे गाठ आजूबाजूच्या निरोगी कडेसकट निघणार नाही असं सर्जन म्हणतात, आणि पाय कापायला तुमचं मन होत नाही. मी मुंबईत कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर आहे. हो, इलेक्ट्रोकेमोथेरपी, म्हणजे औषध आणि विजेच्या पल्स (क्षणभराचे झटके) मिळून केलेला हा उपचार, नेमकी अशा जागेसाठी उपयोगी आहे.

यात वीज गाठ जाळत नाही. ब्लिओमायसिन हे कॅन्सरवरचं औषध पेशीत शिरलं तर जबरदस्त काम करतं, पण पेशीचं आवरण त्याला सहजासहजी आत येऊ देत नाही. म्हणून औषध शिरेतून दिल्यावर साधारण ८ मिनिटांनी गाठीवर इलेक्ट्रोड लावून १०० मायक्रोसेकंदांच्या ८ पल्स देतात. ताकद दर सेंटिमीटरला हजार व्होल्टच्या वर. आवरणाला तेवढ्यापुरती बारीक छिद्रं पडतात, औषध आत जातं आणि त्याचा परिणाम शेकडो पटींनी वाढतो. गाठीतला रक्तप्रवाहही काही काळ मंदावतो, त्यामुळे औषध तिथेच रेंगाळतं. स्नायू जोरात आखडतात, म्हणून पूर्ण भूल लागतेच.

गाठ दोन-तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर परिणाम खूपच चांगला मिळतो, मोठी झाली की कमी. तेव्हा महिनाभर विचारात घालवू नका. सर्जनना सरळ विचारा: निघेल तेवढी गाठ काढून उरलेल्या जागेला आणि कडांना पल्स देता येतील का? मला तुमच्यासाठी हाच मार्ग योग्य वाटतो.

त्याआधी जवळच्या लिम्फ नोडमधून (लसिका ग्रंथीतून) सुईने नमुना घ्या, प्लीहा आणि यकृताची सोनोग्राफी करा. आजार पसरला असेल तर एका जागेवरचा हा उपचार पुरत नाही. किडनीचे रिपोर्टही हवेत, कारण ब्लिओमायसिन लघवीवाटे बाहेर पडतं. फुप्फुसाचा जुना आजार असेल तर आवर्जून सांगा. आणि घरातल्या कुणालाही ती गाठ दाबू किंवा चोळू देऊ नका. त्यातून हिस्टामिन सुटतं, सूज येते, उलट्याही होतात.

नंतर जागा काळी पडून खपली धरते, ती गळायला काही आठवडे जातात. जागा चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची शंकूसारखी कॉलर (कोन) हवीच. आपल्या पावसाळ्यात पाय ओला राहिला तर जखम चिघळते, म्हणून फिरवून आणलं की लगेच कोरडा करा. सुरुवातीचे काही दिवस लघवी पुसताना हातमोजे घाला, लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नका.