सभागृहाला निधी कुठून, याआधी जागा कुणाच्या नावावर ते बघा

तुम्ही विचारलंय की भजनी मंडळ, बचत गटाच्या बैठका आणि जत्रेतल्या नाटकाच्या तालमी यांसाठी गावात सभागृह बांधायचंय, देवळाच्या आवारातली जागा द्यायला विश्वस्त तोंडी तयार आहेत, तर ग्रामपंचायतीकडून की आमदार निधीतून पैसे मिळतील? मी बारा वर्षं ग्रामपंचायतीचा सदस्य होतो, असली दोन कामं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

देवळाच्या आवाराचा विचार आत्ताच सोडा. खासदार निधीच्या नियमांत तर धार्मिक स्थळाच्या आत किंवा धार्मिक संस्थेच्या मालकीच्या जागेवर काम घेता येत नाही असं स्पष्टच आहे, आणि बाकीच्या निधीतही फाईल तिथेच अडते. जागा ग्रामपंचायतीच्या नावावर हवी. गावठाणातली असेल तर नमुना 8चा उतारा, बाहेरची असेल तर सातबारा. कुणी दान देत असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्या. नुसतं स्टॅम्प पेपरवरचं संमतीपत्र चालत नाही. शेतजमिनीतले दोन-तीन गुंठे असतील तर तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे करायला मनाई करणारा कायदा, आड येते, तेव्हा आधी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा. आणि 'गायरान पडून आहे की' असं कुणी म्हणालं तर त्या वाटेला सहज जाऊ नका. 2011च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून गायरानाबाबत महसूल खातं फार काटेकोर झालंय, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय वीटही लावता येत नाही.

आमच्याकडे पहिल्या वेळी हेच चुकलं. निधी मंजूर झाला, पेढे वाटले, आणि जागा देणाऱ्याच्या पुतण्याने हरकत घेतली. मार्च उलटला, पैसे परत गेले. त्या पैशासाठी ज्यांनी तालुक्याला वर्षभर चपला झिजवल्या त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

आता पैशाचं. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीवर फार भिस्त ठेवू नका. 15व्या आयोगाने (2021-26) 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिली होती, उरलेल्या 40 टक्क्यांत अख्ख्या गावाच्या मागण्या. सभागृहासाठी खरे मार्ग तीन: आमदारांचा स्थानिक विकास निधी (दर आमदाराला वर्षाला 5 कोटी, पण मतदारसंघात गावं किती ते धरा), ग्रामविकास विभागाचं लेखाशीर्ष 2515, म्हणजे लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामं, आणि खासदार निधी. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीत समाजमंदिर हवं असेल तर त्या वस्त्यांच्या विकासाची वेगळी योजना आहे, पण काम त्याच वस्तीत झालं पाहिजे. तो पैसा गावाच्या दुसऱ्या टोकाला वळवायची कल्पना कुणी काढली तर तिला ठाम विरोध करा.

आमदारांकडे नुसता अर्ज घेऊन जाऊ नका. ग्रामसभेचा ठराव, जागेचा उतारा आणि जिल्हा परिषद बांधकामच्या शाखा अभियंत्याने केलेलं अंदाजपत्रक, एवढं हातात असलेलं गाव इतरांच्या पुढे जातं.

अंदाजपत्रक होताना मात्र अभियंत्याच्या शेजारी बसा. सगळी फसगत इथेच होते. बहुतेक वेळा मंजूर रकमेत खांब आणि स्लॅब बसतो. फरशी, वीज, स्वच्छतागृह 'पुढच्या टप्प्यात' जातं आणि तो टप्पा येतच नाही. खांबांवर गंजत उभ्या राहिलेल्या सळया तुम्हीही गावोगाव पाहिल्या असतील. आकार लहान करा, पण पहिल्याच टप्प्यात दिवा लागेल आणि बायकांना स्वच्छतागृह मिळेल एवढं नक्की पूर्ण करा. पत्र्याचं छत टाळता आलं तर टाळा. पावसाळ्यात पत्र्याखाली पखवाजही ऐकू येत नाही, आणि आपला हरिनाम सप्ताह श्रावणातच असतो. नाटकासाठी रंगमंचामागे एक खोली आणि तिला बाहेरून वेगळं दार मागून घ्या. नंतर भिंत फोडून दार काढायचं कुणी मनावर घेत नाही.

वीजबिल कोण भरणार, किल्ली कुणाकडे, लग्नाला भाडं किती, हेही त्याच ठरावात लिहा. आमच्या दुसऱ्या सभागृहाची किल्ली बचत गटाकडे आहे, आणि ते रोज उघडतं.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या सुमारास पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याचं काम सुरू होतं. त्याआधी विषय लेखी द्या आणि पोच घ्या. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जे कमी ते लागतात, तेव्हा भजनी मंडळ आणि बचत गट, दोघांनाही घेऊन जा. उतारा मिळाला की इथे कळवा, ठरावाचा मसुदा मी करून देतो.